म्हाताऱ्या पावसाचा भरवसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणी आणि फराळ सोडून पावसाचे भाषण कशाला, असे कुणाला वाटेल. पण आपण कोकणातल्या बायका. पाऊस बिघडला की तो आधी आपल्या स्वयंपाकघरात शिरतो.

नक्षत्रांचा हिशेब आपल्याला आजीने, सासूबाईंनी शिकवला. मृग, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. हा हिशेब टाकून द्या असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु नक्षत्र पंधरवड्याचे सांगते. एका रात्रीत किती कोसळेल ते सांगत नाही. 2005 साली 26 जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. 2021 साली 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. दोन्ही तारखा पुष्यातल्या, म्हणजे म्हाताऱ्या पावसाच्या! आणि ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले ते 2020 च्या 3 जूनला, मृग लागण्याच्याही आधी.

आता मिलिमीटर म्हणजे काय? एक मीटर लांब-रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा फूट लांब-रुंद अंगण धरा. सांताक्रूझचा त्या दिवसाचा पाऊस त्यात पडला, तर दोनशे लिटरची त्रेचाळीस पिंपे भरतील! एवढे पाणी गटाराने कुठे न्यावे?

“आमच्याकडे तर उघडले आहे,” असे आपण म्हणतो. त्याच दिवशी मुंबईतच कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा पाऊस झाला नव्हता. शिवाय आपल्या नद्यांना पाणी येते ते घाटावरून. वर सह्याद्रीत कोसळले की वाशिष्ठी खाली चिपळुणात फुगते, आणि तेव्हाच समुद्राला भरती असली तर पाणी पुढे न सरकता तुंबते. तेव्हा आपल्या अंगणातले आकाश पाहून निर्णय करू नये. हवामान खाते रंगांनी इशारा देते: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. हे रंग घरातल्या मुलांनाही पाठ असावेत.

डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या बहिणींना विशेष सांगणे आहे. जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा विजेचा खांब कलला, दार एकाएकी चौकटीत अडकू लागले, नसलेल्या जागी गढूळ झरा फुटला, तर सकाळची वाट पाहू नका. दरड येताना पुन्हा निरोप धाडीत नाही.

घर सोडताना मागे खोळंबते ती बहुधा बाईच. देव्हारा, दूधदुभते, कपाटाची किल्ली, सारे तिलाच आठवते. तो तिचा दोष नव्हे. संसार तिनेच उभा केलेला असतो. म्हणूनच निघायचे कधी आणि कुणाच्या घरी, हे ज्येष्ठातच ठरवून ठेवावे. कागदपत्रे, औषधे, विजेरी आणि दोन दिवसांचा कोरडा खाऊ एका पिशवीत बांधून दाराशी ठेवावा. मग तांबडा इशारा आला की वाद घालायला उरत नाही.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. नदीकाठची आणि दरडीखालची घरे, त्यांतही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका, यांची यादी आपण करावी. दर आळीला दोघींनी पत्करावे की, इशारा येताच ही दारे ठोठावायची आणि म्हातारीला हाताला धरून बाहेर काढायचे. हळदीकुंकवाला आपण एकही घर चुकवीत नाही. मग याच कामात का चुकवावे?

यादीची वही मी आज आणलीच आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी फराळाआधी नाव लिहून द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.