स्कॅन झाले, वाचले कोणी?

वक्फ म्हणजे मालकाने मालकी कायमची सोडून धर्मकार्याला किंवा लोककार्याला लावलेली मिळकत. मशीद, दर्गा, ईदगाह, कबरस्तान ही तिची दिसणारी रूपे. दिवाबत्तीसाठी किंवा उरुसाच्या खर्चासाठी लावून दिलेले शेत हे न दिसणारे, आणि हरवते ते बहुधा हेच. जयसिंगपूरच्या या परिषदेने मला अध्यक्षपद दिले आहे. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे.

केंद्राचे ‘उम्मीद’ पोर्टल ६ जून २०२५ रोजी सुरू झाले. आधी नोंदलेल्या वक्फांचा तपशील त्यावर भरण्यास वक्फ दुरुस्ती कायद्याने सहा महिने दिले. मुतवल्लीने, म्हणजे वक्फच्या व्यवस्थापकाने, भरायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने मान्य करायचा, अशी तीन पायऱ्यांची रचना. १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारून गरजूंना न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. ६ डिसेंबरला मुदत संपली. आढावाही संपला.

उरलेला वेळ एकाच मुद्द्यासाठी राखून ठेवला आहे: जुना कागद वाचल्याशिवाय संगणकावर चढवू नये.

मराठवाड्यात १९५४ चा वक्फ कायदा लागू होता आणि तिथले इनामी हक्क निजामाच्या मुंतखबांवरून, म्हणजे इनामाच्या दाखल्यांवरून, सिद्ध होत. पश्चिम महाराष्ट्रातील मशिदी-दर्गे मात्र १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले गेले. सध्याचे राज्य मंडळ २००२ चे. मुसलमानाने केलेली प्रत्येक विश्वस्तव्यवस्था वक्फ असतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे मूळ कागद पाहणे आले. या भागातला मूळ कागद बहुधा मोडी लिपीत आहे. पिराच्या जमिनीची सनद अनेकदा मराठी राजाने मराठीत दिलेली, आणि ती वाचू शकणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो.

जयसिंगपूर शाहू महाराजांनी वडिलांच्या नावे आखून वसवले; इथले रस्तेही सरळ. शिरोळ तालुक्याचे दप्तर तसे नाही. कुरुंदवाड पटवर्धनांचे, ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले; कोल्हापूर १९४९ मध्ये. शेजारच्या दोन गावांचे कागद दोन दरबारांचे.

सहकाऱ्यांत वाद आहे तो वेगळाच. एका पक्षाला आधी मोजणी हवी, दुसऱ्याला उपग्रहाचा नकाशा. त्यावर माझ्या वकिलीतले एक जुने प्रकरण पुरेसे आहे. एका पिराच्या शेताच्या हस्तलिखित सातबारावर पहिल्या ओळीत ‘पीर देवस्थान’ आणि दुसऱ्या ओळीत ‘व.’ लिहून मुजावराचे नाव होते. ‘व.’ म्हणजे वहिवाटदार. पुढे उतारा नव्याने लिहिताना पहिली ओळ गळली आणि ‘व.’ निरर्थक ठरून पुसला गेला. मुजावर मालक झाला. त्याच्या नातवांनी वाटणी केली, ती लबाडीने नव्हे. उतारा तसेच म्हणत होता. मोजणी झाली तेव्हा गुंठ्याचाही फरक निघाला नाही. हद्द अचूक, नाव चुकीचे. संगणकीकृत उताऱ्यात तीच चूक स्वच्छ अक्षरांत उमटली. घरच्या पेटीतली सनद वाचली तेव्हा पीर सापडला, पण तोवर अकरा वर्षे गेली होती. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनदोष दुरुस्त होतो हे खरे. तो लेखनदोष आहे हे दाखवायला मूळ ओळ लागते. नकाशा आणि मोजणी या दोन्ही पक्षांचा वाद इथे मिटतो.

तंत्राला विरोध नाही. डिजिटल नोंद हरवत नाही, हाच तिचा गुण आणि हाच तिचा धोका. तिच्यात शिरलेली चूकही हरवत नाही.

करावयाचे काम म्हणून एका तालुक्यातील पीर, मशीद आणि दर्ग्यांच्या मोडी कागदांची सूची सुचवली आहे. सुरुवात शिरोळपासून, कोल्हापूरच्या पुरालेखागाराच्या मदतीने. खर्च, मनुष्यबळ आणि मुदत पुढच्या बैठकीत ठरेल. मोडीचे वर्गही याच कामात यावेत.

तोवर मुतवल्ली, मुजावर आणि जमातीच्या पंचांना विनंती एवढीच: पेटीतला कागद छायाप्रतीच्या दुकानात नेण्याआधी मोडी जाणणाऱ्याकडे न्यावा.