सरवा वेचणाऱ्या बाया
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. चित्रकलेच्या शाळेची पायरी कधी चढलो नाही. तरी आज एका चित्रावर बोलायचे धाडस करतो.

फ्रान्समध्ये मिले नावाचा, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला चित्रकार होऊन गेला. १८५७ साली त्याने शेताचे एक चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. वाचनालयातल्या पुस्तकात मला ते सापडले. कलते ऊन, पिवळे शेत, लांबवर गंजी, पुढे तीन बाया. मनात म्हटले, किती शांत, निसर्गरम्य देखावा!

पुस्तक घरी नेले. माझी आई निरक्षर. तिने एकदाच पाहिले अन् म्हणाली, "सरवा येचू राह्यल्या का रे ह्या?" तिचे निम्मे आयुष्य निफाडकडे गव्हाच्या रानात सरवा वेचण्यात गेलेले. मग म्हणाली, "अन् मुकादम कुठंय?" मी हसलो. पण नीट पाह्यलं, तर उजवीकडे अगदी लांब घोड्यावर बसलेला एक माणूस! इतके दिवस तो मला दिसलाच नव्हता.

तेव्हापासून मी चित्राला तीन प्रश्न विचारतो. उजेड कुणावर पडलाय? जवळ कोण, लांब कोण? चेहरा कुणाचा दिसत नाही? इथे सोनेरी ऊन मालकाच्या गंजीवर आहे. बाया सावलीकडे. दोघी कमरेत वाकलेल्या, त्यांची डोकी क्षितिजाच्या वर येत नाहीत. पण मिलेने त्यांनाच पुढे आणि मोठे काढले. म्हणूनच तिथले श्रीमंत रसिक चिडले. गरिबी एवढी मोठी त्यांना बघवेना.

म्हणून शांत चित्र खोटे असते, असे मी म्हणत नाही. कोल्हापूरच्या अबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ रंगवले, आपल्या नाशिकच्या शिवाजी तुपे सरांनी गोदाघाट जलरंगात उतरवला. ती शांतता मनाला लागते, लागू द्यावी. मिलेनेही ऊन लपवले नाही. ऊन खरे, अन् वाकलेली पाठही खरी. दोन्ही दिसले तर चित्र पुरते दिसले.

मुलांनो, चित्र बघताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. पुस्तकात नसलेले त्यांना दिसते. एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम!