दाराच्या आतली तार
गाडीचं आतलं हँडल ओढलं की दार उघडतं. पण मध्ये काय घडतं? बऱ्याच गाड्यांत तिथे सायकलच्या ब्रेकसारखीच केबल असते. बाहेर आवरण, आत स्टीलची तार. हँडल तार ओढतं, तार लॅचचा लिव्हर हलवते, दार सुटतं. आवरण धरणारी क्लिप तुटली, तर ओढ वाया जाते. हँडल हलतं, दार नाही.

म्हणून मी सांगतो, हँडल ढिलं लागतंय, जास्त ओढावं लागतंय? लगेच गॅरेज गाठा. फक्त मागचं दार अडलं असेल, तर आधी चाइल्ड लॉक बघा. आत अडकलात तर लॉक काढा, काच खाली करा, बाहेरचं हँडल ओढा. त्याची जोडणी वेगळी असते. अपघातात मात्र एवढा वेळ मिळेलच असं नाही. आजच चारही दारं आतून उघडून बघा. भेटूया!