बॅटरी होती, तरी हिशेब गेला

मी बडोद्याचा. मायक्रोप्रोसेसरच्या बोर्डांवर उमेदीची वर्षं घालवली. आज एका छोट्या चिपबद्दल बोलायचंय, पण सुरुवात माझ्या चुकीपासून.

गावच्या दूध मंडळीसाठी आम्ही वजनाचं यंत्र केलं होतं. ८०५१ प्रोसेसर, नोंदींसाठी ६२६४ ही ८ किलोबाइटची रॅम, आणि वीज गेली तर रॅमला डायोडमधून ३ व्होल्टची बॅटरी. रीसेटला एक कपॅसिटर, एक रेझिस्टर. टेबलावर स्विच कितीदा तरी बंद-चालू करून पाहिला. एक नोंद हलली नाही.

महिन्याभरात गावाहून निरोप आला. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या एका आजींच्या नावावर शून्य लिटर! त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाई, माझं दूध गेलं कुठे?" मी बॅटरी मोजली. ती ठणठणीत होती.

गावात वीज स्विचसारखी जात नाही हो. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसत जातं. परत आल्यावर मी डिमरस्टॅट लावून पुरवठा हळूहळू उतरवला. प्रोसेसरला किमान ४.५ व्होल्ट लागतात. त्याखाली तो लगेच बंद पडत नाही, भरकटतो आणि रॅममध्ये काहीबाही लिहीत सुटतो. कपॅसिटरच्या रीसेटला अशी घसरण कळतच नाही. म्हणजे बॅटरीने कचराच इमानाने सांभाळला होता.

मग मॅक्स ६९१ ही सोळा पायांची चिप बसवली. ५ व्होल्टचा पुरवठा ४.६५ च्या खाली गेला की ती प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवते. त्याच क्षणी रॅमची चिप-सिलेक्टची वाट अडवते, म्हणजे लिहिणंच बंद. पुरवठा बॅटरीच्याही खाली गेला की रॅमला बॅटरीवर नेते. यातलं वाट अडवणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि खर्च वाचवताना लोक नेमकं तेच गाळतात. मीही गाळलं होतं. शिवाय तिच्यात एक कंपॅरेटर असतो. तो रेग्युलेटरच्या आधीचं व्होल्टेज पाहतो, त्यामुळे शेवटची नोंद पुरी करायला काही मिलिसेकंद मिळतात.

वॉचडॉगही आहे: १.६ सेकंदांत प्रोसेसरने हाक दिली नाही तर रीसेट. ती हाक टायमर इंटरप्टमधून देऊ नका बरं का! मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, आणि वॉचडॉगला वाटतं, सगळं ठीक आहे.

बदललेला बोर्ड डिमरस्टॅटवर रात्रभर वरखाली केला, मगच गावी नेला. आजींच्या नातीने कॅलेंडरवर रोजचे लिटर लिहून ठेवले होते. मंडळीने त्यावरून पैसे चुकते केले.