रिड्यूसर ते सेन्सर : १०५ मिलिमीटरचा हिशेब

फोकल रिड्यूसर हा दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा भिंगांचा संच. त्यामुळे दुर्बिणीचे परिणामी नाभीय अंतर कमी होते. सेलेस्ट्रॉनच्या आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीचे नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर, म्हणजे एफ/१०. ०.६३चा रिड्यूसर लावला की ते सुमारे १२८० मिलिमीटरवर, म्हणजे एफ/६.३ वर येते. एपीएस-सी सेन्सरवर मग जवळजवळ अंशभर रुंदीचे आकाश मावते. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघासाठी अडीच मिनिटांचे एक्स्पोजर लागत असेल, तर ते काम मिनिटभरात होते.

हा ०.६३चा आकडा खरा ठरतो तो सेन्सर नेमक्या अंतरावर असला तरच. या रिड्यूसरसाठी ते अंतर १०५ मिलिमीटर. रिड्यूसरच्या मागच्या आट्यांपासून थेट सेन्सरपर्यंत मोजायचे. कॅमेऱ्याच्या तोंडापर्यंत मोजून थांबणे ही नेहमीची गफलत. सेन्सर आत खोल असतो; अनेक कॅमेऱ्यांवर वर्तुळाला छेदणाऱ्या रेघेने त्याची जागा दाखवलेली असते. कॅनन ईओएस डीएसएलआरमध्ये माउंटपासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत, त्यात टी-रिंगचे ११ मिळून ५५. उरलेले ५० टी-ॲडॉप्टरने भरून निघतात. बेरीज चोख. खगोलछायाचित्रणाच्या खास कॅमेऱ्यांत मात्र सेन्सर पुष्कळदा १७.५ मिलिमीटरवरच असतो, म्हणून मधल्या कड्या वाढवाव्या लागतात. वाटेत फिल्टर असेल तर त्याच्या काचेच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा आणखी मिळवायचा : ३ मिलिमीटरच्या काचेला १ मिलिमीटर.

अंतर वाढले की प्रतिमा जास्त लहान होते आणि कोपरे काळवंडतात. घटले की रिड्यूसरचा गुण पुरता येत नाही. दोन्ही प्रकारांत कडेचे तारे बिघडतात. गोम अशी, की या दुर्बिणीत फोकससाठी मुख्य आरसाच पुढेमागे सरकतो. त्यामुळे अंतर चुकले तरी मधले तारे टिपक्यासारखे नीट दिसतात आणि चूक लपून राहते. म्हणून परीक्षा कोपऱ्यांत घ्यावी. तिथले तारे मध्याच्या दिशेने लांबट असतील तर सहसा अंतर कमी पडलेले असते. मध्याभोवती वळसा घेतल्यासारखे दिसले तर जास्त झालेले. चारही कोपरे सारखे बिघडले नसतील, तर दोष अंतराचा नसून कॅमेरा तिरपा बसल्याचा असण्याची शक्यता अधिक. तिथे कड्या बदलून काही साधत नाही.