योगवर्गांतील शेजारधर्म

योगासनांवरील भाषण म्हटलें कीं कोणत्या आसनानें कोणता विकार बरा होतो याची एक लांबलचक यादी ऐकावयास मिळणार, अशी आपली समजूत होणें स्वाभाविक आहे. ती यादी मी आज देणार नाहीं. आसनें शिकविणारे शिक्षक आतां गांवोगांव आढळतात. २०१४ सालच्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रसंघानें २१ जून हा योगदिन म्हणून जाहीर केला, आणि २०१५ पासून त्या दिवशीं राजधानीच्या राजमार्गापासून खेड्यांतील शाळेच्या पटांगणापर्यंत सतरंज्या अंथरल्या जाऊं लागल्या. मला बोलावयाचें आहे तें दोन सतरंज्यांमधील हातभर जागेविषयीं. त्या जागेच्या पलीकडे जो मनुष्य बसलेला असतो त्याच्याशीं आपलें वागणें कसें असावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि प्रकृति सांभाळण्याच्या दृष्टीनें तो आसनांइतकाच महत्त्वाचा आहे.

एक गोष्ट आरंभींच ध्यानांत घेतली पाहिजे. योगाचा सार्वजनिक वर्ग ही आपल्याकडील फार जुनी चाल नव्हे. हठप्रदीपिकेंत साधकाला जी जागा सांगितली आहे ती एकांतांतील लहानशा मठीची. तिचें दारहि लहान. चाळीस माणसांनीं ओळीनें बसून एकाच वेळीं आसनें करावीं, हा प्रकार विसाव्या शतकांतला. योगेंद्रजींनीं १९१८ सालीं मुंबईजवळ वर्सोव्यास योगसंस्था काढली. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांच्या साहाय्यानें मोजण्याचें काम चालविलें. पुढें आमच्या विदर्भांत जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळानें नागपुरांत विनामूल्य वर्ग चालवून हा अभ्यास सामान्य गृहस्थाच्या दाराशीं नेला. या मंडळींनीं योगाला मठींतून पटांगणांत आणलें, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणीं पटांगणांतल्या या योगाला शिस्त मिळाली ती शाळेच्या कवाइतीची. सर्वांनीं एकदम वाकावें, एकदम उठावें, आणि जो मागें राहील त्याचें नांव मोठ्यानें घ्यावें! कवाइतीला ही शिस्त शोभते. योगाला ती मारक आहे.

हें मला कोणत्याहि ग्रंथानें शिकविलें नाहीं. मुकुटबनांत माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीनें शिकविलें.

मुकुटबन हें यवतमाळ जिल्ह्यांतील झरी-जामणी तालुक्याचें गांव. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्थानक आहे. भोंवतालीं कपाशीचीं शेतें, जवळपास कोळशाच्या खाणी, आणि २०२२ सालीं सुरू झालेला सिमेंटचा कारखाना. तेलंगणाची सीमा जवळ असल्यामुळें मराठीबरोबर तेलुगूहि कानीं पडते. गोंडी व कोलामी बोलणारीं घरेंहि या भागांत आहेत. अशा गांवीं मी कांहीं काळ पहांटेचा वर्ग चालवीत असें. पांचाची वेळ, रिकामें पोट, स्वच्छ सतरंजी आणि पूर्ण मौन, असे माझे चार नियम होते व त्यांचा मला थोडासा अभिमानहि होता.

एके दिवशीं एक प्रौढ गृहस्थ दहा मिनिटें उशिरानें आले. रात्रपाळी करून ते तसेच वर्गास आले होते. पद्मासनांत त्यांचा डावा गुडघा जमिनीपासून वीतभर वर राहिला. मीं सर्वांच्या देखत म्हटलें, "अहो, तो गुडघा खालीं येऊं द्या, उशिरा आलांत, निदान बसा तरी नीट." दोन-चार जण हंसले. दुसऱ्या दिवशीं ते आले नाहींत. आठवडाभर आले नाहींत. पुढें बाजारांत भेट झाली तेव्हां मीं कारण विचारलें. ते शांतपणें म्हणाले, "गुरुजी, योग चांगलाच हाय. पण चार लोकांत माह्या गुडघ्याचं नाव कायले घेतलं?"

श्रोतेहो, या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. पतंजलीच्या आठ अंगांत आसनाचा क्रम तिसरा आहे. त्याच्या आधीं यम व नियम येतात, आणि यमांत पहिली आहे अहिंसा. मीं तिसरी पायरी शिकवितांना पहिली मोडली होती. घरीं येऊन मीं माझे चारहि नियम पुन्हां तपासून पाहिले. प्रत्येकाला एकच कसोटी लावली: हा नियम शरीराच्या हितासाठीं आहे, कीं शिक्षकाच्या मानासाठीं?

रिकाम्या पोटाचा नियम शरीराच्या हिताचा आहे. भरल्या पोटीं वाकणें व पिळणें त्रासाचें होतें. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊं द्यावे, हें ठीकच. परंतु रात्रभर उभें राहून काम केलेल्या मनुष्यानें उपाशीच यावें असा हट्ट धरणें म्हणजे त्याला भोंवळ आणण्यासारखें आहे. त्यानें आधीं झोंप घ्यावी. त्याच्यासाठीं सायंकाळचा वर्ग असावा. मौनाचा नियम शेजाऱ्याच्या हिताचा आहे. आपल्या खिशांतील फोन वाजला तर चाळीस जणांचे श्वास चुकतात. म्हणून तो बंद करून बाहेर ठेवावा. वेळेवर येण्याचा नियमहि तसाच. उशीर झाल्यास दाराशीं थांबावें, चालू असलेलें आसन सुटूं द्यावें, आणि मग मागील ओळींत हलकेच बसावें. शिक्षकानें त्याविषयीं कांहीं बोलूं नये. पाणी भरून, चूल पेटवून आलेल्या बाईला उशिराचें कारण विचारणें हा तिच्या श्रमांचा अपमान आहे.

यांत आणखी कांहीं गोष्टी घालाव्या लागतील. पादत्राणें बाहेर ओळीनें ठेवावीं. सतरंजी वर्गाबाहेर झटकावी. ज्या गांवीं धूळ आधींच पुष्कळ तेथें ती शेजाऱ्याच्या नाकांत घालूं नये. उग्र अत्तर लावून येऊं नये, कारण प्राणायामाच्या वेळीं तें सर्वांनाच हुंगावें लागतें. खोकला किंवा ज्वर असेल त्या दिवशीं घरीं राहावें. दुसऱ्याचें आसन पाहून आपलें ताणूं नये, आणि आपलें साधलें म्हणून दुसऱ्यास शिकवूं नये. शिक्षकानेंहि विचारल्यावांचून कोणाच्या अंगास हात लावूं नये. पाठीवर दाब देऊन तर कधींच वाकवूं नये. रक्तदाब, कांचबिंदु, गर्भारपण, झालेली शस्त्रक्रिया यांविषयीं त्यानें प्रत्येकास एकांतांत विचारावें. कारण शीर्षासन किंवा दीर्घ कुंभक अशांस अपायकारक होऊं शकतात. आणि शेवटच्या शवासनांतून कामाच्या घाईनें उठावें लागलें तर तें सुरू होण्यापूर्वींच उठावें. निजलेल्या माणसांमधून पाय वाजवीत जाऊं नये.

आतां साध्या राहणीविषयीं दोन शब्द. शहरांतील सुशिक्षित घरांत आरोग्य ही विकत घेण्याची वस्तु होऊं लागली आहे. वास्तविक ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हें वऱ्हाडांतलें साधें ताट आहारदृष्ट्या पुष्कळच समतोल आहे. त्यांत मीठ तेवढें बेतानें घालावें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस दिवसास ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगितलें आहे. त्याच संघटनेनें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्यानें तो अवश्य करावा. परंतु कापूस वेंचणारी बाई दिवसभर वाकून तेवढे श्रम एका दिवसांतच करते. तिला आणखी वाकावयास लावण्यांत कोणता योग आहे? तिला हवें आहे हलकें भुजंगासन, पाठीला आराम, आणि कोणी हांक मारणार नाहीं अशीं पंधरा मिनिटें. एकच आसनमाला सर्वांस लावणें हेंहि शेजारधर्माच्या विरुद्ध आहे.

आणि योगाची मर्यादाहि प्रामाणिकपणें सांगणें शिक्षकाचें कर्तव्य आहे. २०१७ सालीं याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. प्राणायामानें फुप्फुसें बळकट होतात असें सांगून जर आपण कोणास तोंड न बांधतां फवारणीस जाऊं दिलें, तर तें पाप आपल्या माथीं येईल. तेथें हातमोजे, मुखवटा, वाऱ्याच्या दिशेचें भान, आणि त्रास होतांच दवाखाना, हाच योग होय. धुळींत काम करणाऱ्यास आधीं धुळीपासून संरक्षण हवें, भस्त्रिका मागाहून. मधुमेहाचें किंवा रक्तदाबाचें औषध आसनें सुरू केलीं म्हणून वैद्याला न विचारतां सोडूं नये.

त्या गृहस्थांचें पुढें काय झालें, हें आपणांस ऐकावयाचें असेल. बाजारांत त्यांची क्षमा मागून मी परतलों, आणि दुसऱ्या सोमवारीं शाळेंतील एक लांकडी खुर्ची आणून वर्गाच्या पहिल्या ओळींत ठेवली. त्या दिवशीं सर्व अभ्यास मीं स्वतः त्या खुर्चीवर बसून करून दाखविला. हात वर घेणें, मान वळविणें, पाऊल ताणणें, श्वास मोजणें. बहुतेक सर्व साधलें. तिसऱ्या दिवशीं एक आजीबाई विचारूं लागल्या, "ती खुर्ची आज माझी का?" त्यानंतर खुर्च्या चार झाल्या. ते गृहस्थ सायंकाळच्या वर्गास येऊं लागले. त्यांचा गुडघा अजूनहि वीतभर वरच राहत असे. त्याविषयीं पुन्हां कोणी बोललें नाहीं.

उद्यां सकाळीं आपण आपल्या वर्गास जाल, किंवा घरांतच आईवडील, सून, नातवंडें मिळून सतरंज्या अंथराल, तेव्हां एवढेंच पाहावें: ज्याचें अंग सर्वांत कमी वळतें तो या वर्गांत निर्भयपणें बसला आहे ना? तो बसला असेल तर वर्ग उत्तम चालला आहे असें समजावें.