प्लास्टिकची कड

कृत्रिम पाय किंवा दुबळ्या पायाला आधार देणारे कॅलिपर पाहताना आपले लक्ष त्याच्या आकाराकडे जाते, सांध्याकडे जाते, फार तर त्याच्या किमतीकडे जाते. त्याच्या कडेकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु जो मनुष्य ते दिवसभर अंगावर वागवतो, त्याचे सुखदुःख पुष्कळदा त्या कडेवरच अवलंबून असते. प्लास्टिकची ही कड गुळगुळीत कशी करतात, आणि यंत्रांच्या या युगातही ते काम माणसाच्या हाताकडेच का राहिले आहे, याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

मराठी श्रोत्यांना हा विषय अगदीच परका नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, जखमी जवानांसाठी निघाले. मुंबईत हाजीअलीजवळची पुनर्वसन संस्था १९५५ची. पुढे १९७२ साली कानपूर येथे भारत सरकारचे कृत्रिम अवयव निर्माण निगम स्थापन झाले. त्याचे एक सहायक उत्पादन केंद्र पंजाबात, चंडीगडला लागून असलेल्या मोहाली जिल्ह्यात, कुराळीजवळच्या चनालों येथे आहे. पूर्वी या कामात लाकूड, चामडे आणि लोखंड यांचाच भर असे. आता त्यांच्या जोडीला प्लास्टिक आले आहे. पायाच्या आधारासाठी विशेषतः पॉलिप्रॉपिलीन वापरतात. ते पाण्यापेक्षाही हलके असते आणि घामाने कुजत नाही.

प्रथम पायाचा प्लास्टरचा साचा घेतात. प्लास्टिकचा पत्रा भट्टीत तापवला की त्याचा दुधी रंग जाऊन तो काचेसारखा पारदर्शक होतो. तो साच्यावर पसरून आतली हवा ओढून घेतली, की साच्याचा उंचसखलपणा तो जसाच्या तसा उचलतो. थंड झाल्यावर करवतीने जादा भाग कापतात. येथवर काम झटपट होते. खरी कसोटी पुढे लागते. कारण करवतीने सोडलेली कड चाकूसारखी धारदार असते आणि तिला जागोजागी बारीक कुसे निघालेली असतात.

येथे घाई करणे महागात पडते. प्लास्टिक हे उष्णतेचे फार मंद वाहक आहे; पोलादाच्या मानाने शेकडो पटींनी मंद. लोखंड घासताना होणारी उष्णता साऱ्या तुकड्यात पसरून जाते. प्लास्टिकमध्ये ती घासल्या जागीच साठते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांवर वितळते. वेगाने फिरणाऱ्या चाकावर कड धरली तर ती घासली जाण्याऐवजी लोण्यासारखी सरकते आणि आतल्या बाजूला दुमडून बसते. वरून चकाकी दिसते, पण बोटाला दुमड लागते. म्हणून अखेरचा हात हा माणसाचाच हवा.

कारागीर आधी अर्धगोल कानस घेतो. दातांत कीस अडकू नये म्हणून तिच्यावर खडू घासतो, आणि हलक्या दाबाने, कडेच्या लांबीला धरून कानस तिरपी चालवतो. दोन्ही कोन मोडून कड गोल झाली, की धारदार पात्याने ती खरवडतो. मग जाड पॉलिशपेपर, त्यानंतर बारीक. मधली पायरी गाळायची नाही, कारण जाड कागदाचे ओरखडे फार बारीक कागदाने जात नाहीत. शेवटी नमद्याचा तुकडा. परीक्षा मात्र साधी असते. कापसाचा बोळा कडेवरून फिरवावा. तंतू अडकला तर काम अपुरे आहे.

ही नुसती शोभेची बाब नव्हे. घोट्याजवळचा आधार प्रत्येक पावलाला थोडा वाकतो, आणि दिवसाकाठी अशी हजारो पावले पडतात. कडेवर आडवा ओरखडा राहिला, तर पुढे तडा त्याच जागी सुरू होतो. म्हणून घासण्याच्या रेषा कडेला समांतर ठेवावयाच्या असतात.

त्याहूनही गंभीर गोष्ट अशी, की मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यांना कड टोचली तरी कळत नाही. वेदना हा शरीराचा पहारेकरी. तोच नसल्यावर जखम निमूटपणे वाढत जाते. अशा माणसासाठी कारागिराच्या बोटाला आधीच कळावे लागते. पंजाबच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, घामाने त्वचा नरम होते, आणि हिवाळ्यात न जाणवलेली कड तेव्हा कातडी सोलू शकते. म्हणून नवे साधन प्रथम थोडाच वेळ चढवून पाहतात. काढल्यावर उमटलेली लाली सुमारे वीस मिनिटांत ओसरली नाही, तर साधन पुन्हा कानशीखाली जाते.

आपल्या घरी असे एखादे साधन आले, तर त्याच्या आतल्या कडेवरून एकवार बोट फिरवून पाहावे. काही अडखळले, तर संकोच न करता ते कारागिराकडे परत न्यावे. घरी कापाकापी करू नये, कारण त्याने आधाराचा आकार बिघडतो. आणि ज्याला स्वतःला काही जाणवत नाही, त्याचा पाय रोज संध्याकाळी घरच्या कोणीतरी उजेडात पाहावा. कारागिराने कानशीने जे काम सुरू केले, ते अशा रोजच्या पाहण्यानेच पुरे होते.